बुडालेल्याचा कायदा

अकोल्याच्या एमआयडीसीतली एखादी जिनिंगची खासगी कंपनी कर्जात बुडाली, तर तिच्यासाठी रस्ता आखलेला आहे. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे जाते. वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते, धनकोंची समिती बसते, किती घ्यायचे आणि किती सोडायचे यावर मतदान होते. शेवटी बँका कर्जाचा मोठा हिस्सा सोडून देतात, तेव्हा कंपनीच्या मालकाला कुणी फुकट्या म्हणत नाही. व्यवहारात जोखीम असते, ती कधी अंगावर येते, हे सगळ्यांना मान्य असते.

त्याच कंपनीला कापूस घालणारा बार्शीटाकळीचा किंवा दर्यापूरचा शेतकरी बुडाला, तर त्याने कुठे अर्ज करायचा? याला आपल्याकडे उत्तर नाही. तो वाट पाहतो. आधी पावसाची, मग भावाची, मग अधिवेशनाची आणि शेवटी कर्जमाफीच्या यादीची. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या कर्जावर जेवढी भाषणे झाली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशावर झाली असतील. पण प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसाला हक्काने पुन्हा उभे राहता येईल, असा कायदा या भाषणांतून निघाला नाही. असे का झाले, हे शोधताना मला अमेरिकेतल्या कायद्याच्या एका प्राध्यापिकेची कारकीर्द उपयोगी वाटते, आणि तिच्याहून अधिक आपल्याच अमरावतीच्या एका बॅरिस्टरची.

एलिझाबेथ वॉरन या १९४९ साली ओक्लाहोमात जन्मलेल्या बाई. दिवाळखोरीचा कायदा हा त्यांचा विषय. ह्यूस्टन, टेक्सास, पेनसिल्व्हेनिया आणि शेवटी हार्वर्ड अशा विद्यापीठांत त्यांनी तो शिकवला. हा विषय तेव्हाही रुक्ष समजला जाई आणि आजही समजला जातो. वॉरन यांनी त्याचे पुस्तक बाजूला ठेवून कोर्टाची दप्तरे उघडली. टेरेसा सलिव्हन आणि जे वेस्टब्रूक या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी टेक्सास, इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतले दिवाळखोरीचे सुमारे दीड हजार अर्ज तपासले. या कामाचे पुस्तक १९८९ साली निघाले.

काम हाती घेताना आपली समजूत काय होती, हे वॉरन यांनी नंतर उघडपणे सांगितले आहे. दिवाळखोरीत जाणारी माणसे लबाड असतात, कर्ज काढून मजा करतात आणि मग कायद्याच्या आड लपतात, हे आपण पुराव्यानिशी दाखवू, असे त्यांना वाटत होते. दप्तरांतून निघाले वेगळेच. नोकरी गेलेली, आजारपणात खंक झालेली, घटस्फोटाने संसार दुभंगलेली साधी मध्यमवर्गीय माणसे त्या अर्जांवर सह्या करत होती. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत वॉरन रिपब्लिकन पक्षाच्या नोंदणीकृत मतदार होत्या. दप्तरांनी त्यांचे मत बदलले आणि पुढे मतामुळे पक्षही बदलला. आपल्याकडे हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो: आधी पक्ष, मग मत आणि सवड मिळालीच तर पुरावा.

पुढची कारकीर्द सरळ यशाची नाही. दिवाळखोरीचा कायदा कर्जदारांवर अधिक कडक करावा म्हणून बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्यांनी जवळजवळ दशकभर जोर लावला. वॉरन यांनी तितकाच काळ विरोध केला, आणि २००५ साली त्या हरल्या. तो कायदा झालाच. २००७ मध्ये त्यांनी एका नियतकालिकात लेख लिहिला. पेट घेणारा टोस्टर बाजारात विकायला बंदी आहे, मग घराला आग लावणारे कर्ज विकायला परवानगी कशी, असा त्यातला प्रश्न होता. कर्जाच्या अटींवर नजर ठेवणारी स्वतंत्र सरकारी संस्था हवी, ही त्या लेखाची मागणी. पुढच्याच वर्षी अमेरिकी बँका कोसळल्या, बँकांना दिलेल्या सरकारी पैशावर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्ष म्हणून वॉरन यांची नेमणूक झाली, आणि २०१०च्या कायद्याने ती संस्था प्रत्यक्षात आली. संस्था त्यांनी उभी केली, पण तिचे प्रमुखपद त्यांना मिळाले नाही. २०१२ साली मॅसॅच्युसेट्समधून त्या सिनेटवर निवडून आल्या. २०२०ची अध्यक्षपदाची उमेदवारी फसली. स्वतःला मूलनिवासी वंशाचे म्हणवल्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने त्या संस्थेचे काम जवळपास बंद पाडण्याचा प्रयत्न केला.

या हिशेबात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वॉरन यांचे सर्वांत मोठे काम सिनेटर होण्याआधीचे आहे. लेख २००७चा, कायदा २०१०चा, निवडणूक २०१२ची. सभागृहात जाण्याआधी त्यांच्याकडे मोजणी होती, आणि संकट आले तेव्हा मसुदा तयार होता.

'प्राध्यापकाला काय कळते, शेतकऱ्याचे दुःख शेतकऱ्याच्या मुलालाच कळते' असे आपल्याकडे कुणी लगेच म्हणेल. त्याचे उत्तरही अमेरिकेतच आहे आणि ते गमतीचे आहे. १९८०च्या दशकात आयोवा आणि आसपासच्या राज्यांत जमिनीचे भाव कोसळले, व्याज भडकले आणि हजारो शेतकरी कुटुंबे बुडाली. तेव्हा आयोवाचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी शेतकरी कुटुंबांसाठी दिवाळखोरी कायद्यात स्वतंत्र प्रकरण आणले. हे बारावे प्रकरण १९८६ पासून लागू आहे. ग्रासली प्राध्यापक नव्हते, शेतकरी होते. या प्रकरणाखाली शेतकरी स्वतः अर्ज करतो आणि त्या क्षणी वसुली थांबते. तीन ते पाच वर्षांच्या परतफेडीचा आराखडा तो कोर्टापुढे ठेवतो. जमिनीचा भाव कर्जाच्या खाली गेला असेल, तर तारण कर्ज जमिनीच्या किमतीइतके धरले जाते आणि वरची रक्कम बिनतारण कर्जात जाते. धनकोंना हरकत घेता येते, मतदान करून आराखडा पाडता येत नाही. निर्णय न्यायाधीश देतो. मुदत नीट पार पडली की उरलेले बिनतारण कर्ज संपते, आणि या काळात शेतकरी शेत कसतच असतो.

गंमत पुढे आहे. वॉरन ज्या २००५च्या कायद्याविरुद्ध हरल्या, त्याचे प्रवर्तकही ग्रासलीच. तोवर मुदत वाढवत चालवलेले शेतकऱ्यांचे बारावे प्रकरण त्यांनी त्याच कायद्याने कायमचे केले आणि शहरातल्या नोकरदार कर्जदाराभोवती फास आवळला. आपल्या माणसाचे बुडणे त्यांना आपत्ती वाटले, दुसऱ्याचे बुडणे लबाडी. अनुभव माणसाला आपल्या शेजाऱ्यापर्यंत नेतो. त्यापलीकडे जायला मोजणी लागते. वऱ्हाडाच्या राजकारणात शेतकऱ्यांच्या मुलांची उणीव कधीच नव्हती. तरीही बारावे प्रकरण आपल्याकडे आले नाही, म्हणजे केवळ अनुभव पुरला नाही.

असा विचार आपल्या मातीत कधी रुजलाच नाही, असे मात्र नाही. हिंदुस्थानातला बाजार समितीचा पहिला कायदा वऱ्हाडचा आहे. कारंजा हे वऱ्हाडातलेच गाव. तिथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा झाला. तो व्हायचे एक मोठे कारण म्हणजे मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ, खात्रीचा कापूस हवा होता. मालाच्या गरजेपोटी कायदा आला. माल पिकवणाऱ्याच्या कर्जासाठी प्रांताच्या विधिमंडळाकडून कायदा यायला १९३३ साल उजाडावे लागले.

त्या वेळी पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री होते. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला आणि वैदिक वाङ्मयातल्या धर्मकल्पनेवर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. तो कायद्याचा प्राध्यापक नव्हता, पण अभ्यासाची शिस्त आणि पापळची आठवण या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे होत्या. १९२९च्या मंदीनंतर कापसाचे भाव ढासळले होते. कर्ज चढ्या भावाच्या काळातले आणि फेड पडत्या भावात, अशी कोंडी झाली होती. पंजाबरावांच्या मंत्रिपदाच्या काळातच कर्ज लवादाचा कायदा आला. त्याची रचना आजही वाचावी अशी आहे. कोर्टाबाहेर लवाद मंडळ नेमायचे, ऋणको आणि सावकार यांना समोरासमोर बसवायचे, कर्जाचा खरा आकडा ठरवायचा आणि झेपतील असे हप्ते बांधून द्यायचे. वाजवी देकार आडमुठेपणाने नाकारणाऱ्या सावकाराला पुढे दिवाणी कोर्टात त्याची झळ बसेल, अशीही तरतूद होती. मुळातला पाया स्वखुशीच्या तडजोडीचा राहिला, हे त्याचे दुबळेपण. म्हणूनच १९३९ साली या प्रांताला कर्जनिवारणाचा आणखी एक कायदा करावा लागला. पण बुडालेल्या शेतकऱ्याचे प्रकरण एकेक करून, कागद पाहून आणि दोन्ही बाजू ऐकून सोडवायचे, हे तत्त्व वऱ्हाडच्या कायद्यात तेव्हा आले होते.

त्याच दशकात मुंबईत कायद्याचे एक खरेखुरे प्राध्यापक सभागृहात निवडून आले. १९२७च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून अमरावतीला आलेले बाबासाहेब आंबेडकर पुढच्याच वर्षी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ला प्राचार्य. १९३७ साली मुंबई विधानसभेत निवडून येताच त्यांनी कोकणातली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९३८च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. सभागृहात बहुमत नव्हते, विधेयक पडून राहिले. खोती रद्द व्हायला १९४९चा कायदा यावा लागला. हाही तोच धडा: मसुदा आधी, बहुमत नंतर. नीट लिहिलेले विधेयक हरले तरी मरत नाही, पुढच्या माणसाला ते हाताशी सापडते.

आता आपल्या काळाकडे पाहू. आज पंजाबरावांच्या नावाने राज्यात व्याज सवलत योजना आहे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला त्यामुळे व्याज पडत नाही. योजना चांगली आहे, पण ती वेळेवर फेडणाऱ्याची आहे. ज्याला फेडता आले नाही, त्याच्यासाठी पंजाबरावांच्या काळात लवाद होता. आज त्यांच्या नावाच्या योजनेत त्याला जागा नाही.

फेडता आले नाही म्हणजे नेमके काय होते? राष्ट्रीयीकृत बँक सहसा शेत लिलावात काढत नाही. बँकांना कोर्टाविना तारण विकू देणारा २००२चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६०वे कलम शेतकऱ्याची अवजारे, बैल, बियाणे आणि घर जप्तीपासून वाचवते. सोसायटी सहकार कायद्याच्या १०१व्या कलमाखाली वसुली दाखला मिळवते, सातबाऱ्यावर बोजा बसतो आणि सगळे तिथेच गोठते. पण पेरणी गोठत नाही. जूनमध्ये बियाणे-खताला पैसा लागतो आणि थकबाकीदाराला नवे पीककर्ज मिळत नाही. मग कृषी सेवा केंद्राची उधारी, त्यानंतर परवान्याशिवाय धंदा करणारा सावकार. हा सावकार गहाणखत करत नाही, सरळ विक्रीखत लिहून घेतो. पैसे आले की जमीन परत, असा तोंडी शब्द असतो. २०१४च्या सावकारी कायद्याने अशी जमीन परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाला दिला आहे, पण तो जमीन गेल्यानंतरचा उपाय झाला. घसरण ज्या पायरीवर सुरू होते, त्या थकबाकीच्या पायरीवर दारच नाही.

दार म्हणून आपल्याकडे आहे ती कर्जमाफी. २००८ साली केंद्राने दिली: दोन हेक्टरांपर्यंत पूर्ण माफी, त्यापुढे थकबाकीच्या पंचवीस टक्के सूट आणि तीही उरलेले भरल्यावर. ओलिताच्या दोन हेक्टरांत आणि खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू चार हेक्टरांत कोण अधिक गरीब, हे त्या रेषेला दिसले नाही. वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी कागदावर मोठा ठरला आणि बाहेर राहिला. २०१७ साली राज्याने दीड लाखापर्यंत माफी दिली, २०१९ साली दोन लाखांपर्यंत. प्रत्येक वेळी एक तारीख आणि एक रक्कम ठरली. तारखेच्या अलीकडचा सुटला, पलीकडचा अडकला. सावकाराचे आणि दुकानदाराचे देणे यात जवळपास कधीच नव्हते. कर्जमाफी वाईट आहे, असे मी म्हणत नाही. पूर आल्यावर मदत द्यावीच लागते. पण ती सगळ्यांना एका मापाने मोजते. दवाखान्यापायी बुडालेला आणि ऐपत असून न भरणारा, दोघे एकाच यादीत येतात. एकेक प्रकरण पाहणारी व्यवस्था नेमका हाच फरक करते. म्हणून कर्जमाफीने शिस्त बिघडते अशी तक्रार करणाऱ्या बँकांनी तर अशा कायद्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

कायद्याच्या पुस्तकात काहीच नाही, असेही नाही. १९२०चा प्रांतिक नादारी कायदा आजही आहे, पण शेत कसत राहून कर्ज फेडण्याचा मार्ग तो आखून देत नाही. २०१६च्या संहितेत गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याचे प्रकरण लिहिलेले आहे. त्याच्या अटी वाचा: वर्षाचे उत्पन्न साठ हजारांहून कमी, मालमत्ता वीस हजारांहून कमी, कर्ज पस्तीस हजारांहून कमी आणि स्वतःचे घर नको. एकरभर शेत असलेला माणूस या दारातून जाऊच शकत नाही. आणि हे दारही व्यक्तींसाठी प्रत्यक्षात उघडलेले नाही. संहितेतला व्यक्तींचा भाग २०१९ला लागू झाला तो कंपन्यांना जामीन राहिलेल्यांपुरता, आणि त्यातूनही हे प्रकरण वगळलेलेच राहिले.

सरकार शेतकऱ्याच्या कर्जाची बारकाईने चौकशी करते, ती मात्र एका प्रसंगी. आत्महत्येनंतर मदतीची फाईल तयार होते. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा यांचे पुरावे जोडले जातात, आणि जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. पात्र ठरले तर घरच्यांना एक लाख रुपये मिळतात. कर्ज किती, कुणाचे, का थकले, हे विचारणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, तिला कागद कोणते लागतात हेही ठाऊक आहे. तीच चौकशी माणूस हयात असताना, त्याने अर्ज करताच व्हावी, एवढीच मागणी आहे. केरळने २००६च्या कायद्याने शेतकरी कर्जमुक्ती आयोग नेमून अशा दिशेने पाऊल टाकले. राजू शेट्टींनी २०१८ साली लोकसभेत कर्जमुक्तीचे खासगी विधेयक मांडले. पण खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याची शेवटची वेळ १९७० सालची आहे.

मग एखादा अभ्यासू प्राध्यापक आमदार होऊनही काय करणार, पक्षादेश आला की हात वर करणार, असे कुणी म्हणेल. म्हणूनच मी वॉरन यांच्या निवडणुकीपेक्षा त्यांच्या दप्तरांकडे बोट दाखवतो. अमरावतीला पंजाबरावांच्या नावाचे विधी महाविद्यालय आहे, अकोल्यात विधी महाविद्यालय आहे, शेतीच्या अर्थशास्त्रासाठी पंजाबरावांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात आहे. कलम १०१चे वसुली दाखले, सावकारीच्या तक्रारी, नोंदणी झालेली विक्रीखते, मदतीच्या पात्र-अपात्र फाईली, हे सगळे याच दोन शहरांच्या कचेऱ्यांत पडून आहे. नावे झाकून दोन तालुक्यांची प्रकरणे विद्यार्थ्यांनी तपासली, तर कर्ज कोणत्या महिन्यात थकते, दवाखाना किती खातो, बोंडअळीचे वर्ष किती जणांना कायमचे आडवे करते, आणि मुद्दाम न भरणारे खरोखर किती आहेत, हे प्रथमच कळेल. कदाचित आपल्यातल्या काहींना न आवडणारेही काही निघेल. निघू द्यावे, वॉरन यांच्याही समजुतीविरुद्धच निघाले होते.

त्या मोजणीतून येणारा मसुदा फार लांबलचक नसेल. तालुक्याला लवाद मंडळ, अर्ज करताच वसुलीला तात्पुरती स्थगिती, बँक, सोसायटी, दुकानदार आणि सावकार अशी सगळी देणी एकाच टेबलावर, पिकाच्या हंगामाला जुळणारे तीन ते पाच वर्षांचे हप्ते, आराखडा पाळणाऱ्याला नवे पीककर्ज आणि मुदतीनंतर उरलेल्या देण्यातून सुटका. खोटी माहिती देणाऱ्याला यातले काहीही नाही.

असा कायदा आजवर का झाला नाही, याचे एक कारण अभ्यासाचा अभाव आहे. दुसरे कारण त्याहून जुने आणि अधिक चिवट आहे. कर्जमाफी नेता जाहीर करतो, तिचे फलक लागतात, श्रेयावरून भांडणे होतात. लवादाच्या टेबलावर शेतकरी जाईल तो हक्काने, आणि कुणाचाही फोटो न लावता परत येईल. कर्जदाराला सावकारापासून सोडवणारा कायदा त्याला पुढाऱ्यापासूनही सोडवतो. असा कायदा करायला निघणाऱ्या आमदाराला स्वतःचे थोडे नुकसान सोसावे लागेल. तो प्राध्यापक असो की शेतकरी, त्याची पारख याच तयारीवर करावी.